लव्हाळ्यातल्या गाठी

६ जानेवारी

टिबुकले,

आधी आजीचा एक गालगुच्चा घे, मग पुढे वाच. फोन नको म्हणाले म्हणून रुसू नकोस. फोनवर तू बोलतेस त्यातलं निम्मं मला ऐकू येत नाही, आणि उरलेल्या निम्म्यात तुझी आई फोन हिसकावून घेते. पत्र कसं, माझं एकटीचं. तुझ्या बेटावर टपालाची बोट पंधरा दिवसांनी का होईना येते ना? मग झालं. दुसरीपर्यंतची शाळा अशी म्हातारपणी कामाला येते आहे. अक्षराला हसायचं तर हस, लांब आहेस, धपाटा पोचायचा नाही.

बातमी अशी की आपल्या दलदलीला पाटी लागली. ‘राखीव पाणपक्षी क्षेत्र’. पाटीवर रंगाऱ्याने जांभळी पाणकोंबडी काढली, तर तिचे पाय पिवळे! म्हटलं, बाबा, लाल असतात. तो म्हणाला, आजी, मी पिवळा डबा उघडलाय. त्याच्या शिडीला टेकून बसले आणि शेंगा सोलत राहिले. जेवणवेळेला त्याने लाल डबा उघडला.

नवे साहेब आलेत. सडपातळ, चष्म्याला दोरी, बोलायला मऊ. म्हणाले, स्थानिक लोकांना बरोबर घेतल्याशिवाय आम्ही पाऊल टाकणार नाही, समिती होणार, तीत तुम्हा लव्हाळा कापणाऱ्या बायकांनाही बोलावणार. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! मी लगेच सांगितलं, माझी नात परदेशात हेच काम करते, पक्ष्यांच्या बेटावर. ते म्हणाले, अरे वा. मग मी त्यांना आपली सगळी रीत सांगितली. प्रत्येक पट्ट्याचे तीन भाग करायचे, त्यातला एक कापायचा, दोन उभे ठेवायचे, पुढच्या वर्षी पुढचा. कापायला मधून लागायचं आणि कडेला यायचं, म्हणजे आतल्या जिवांना निसटायला वाट राहते. घरटं दिसलं की भोवतीच्या लव्हाळ्याच्या शेंड्यांची एकमेकांत गाठ मारायची, मागून येणारीला लांबूनच कळतं, आणि गाठीच्या चारी बाजूंनी दोन हात सोडून विळा चालवायचा. हेही सांगितलं की पुराच्या साली कापणी राहिली, तर लव्हाळा जागेवरच आडवा पडून कुजला, पाणी झाकलं गेलं, आणि पुढचं वर्षभर एक टिबुकली बुडी मारताना दिसली नाही. साहेबांनी वहीत काहीच लिहिलं नाही. पेनातली शाई संपली असेल.

बावीस बायकांच्या चटया या लव्हाळ्यावर आहेत हे तुला काय सांगायचं. मोठी जाऊ रोज विचारते, यंदा मार्चच्या पहिल्या तारखेला विळा लावायचा ना? मी म्हणते, आता तर समितीच आपली आहे.

तुमच्याकडे कसं करतात ते लिही. मला साहेबांना सांगायचंय.

तुझी आजी

ता.क. शेळीला दोन पिल्लं झाली. एक तुझ्यासारखं आहे, सारखं ओरडतं.


२७ जानेवारी

ती. आजी,

गालगुच्चा पोचला, जरा जोरातच होता.

इथे वारा इतका आहे की खोलीच्या दाराला आतून दगड लावून बसते. खाली किनाऱ्यावर शिंपले वेचणारी माणसं आहेत, पिढ्यान्‌पिढ्या तेच करतात. बेट राखीव झालं तेव्हा त्यांना समितीत घेतलं, आणि नुसतं घेतलं नाही, प्रत्येकाला मत आहे. एका म्हातारीचं आणि माझं जुळत नाही. मी आकडे दाखवते, ती माझ्याकडे न बघता खिडकीबाहेर बघते. आणि तिचं मत माझ्या मताइतकंच मोजतात! कधीकधी वाटतं, मग मी शिकले कशाला.

आजी, तू साहेबांशी भांडू नकोस. त्यांनी काही बंदी घातली तर ती पक्ष्यांसाठीच असेल. पाच वर्षं माणसाचं पाऊल पडलं नाही तर दलदल स्वतःला सावरते, असं शास्त्र सांगतं. तुमच्या चटयांसाठी दुसरं काही सुचतं का ते मी बघते.

गुडघ्याला तेल लावतेस ना?

तुझी टिबुकली


१४ फेब्रुवारी

टिबुकले,

तू तर ज्योतिषी निघालीस! तुझं पत्र आलं मंगळवारी आणि साहेबांनी पाच वर्षांची बंदी वाचून दाखवली बुधवारी. मी कुठल्याच पत्रात आकडा लिहिला नव्हता. मोठ्या जावेला म्हटलं, बघ, शिकलेल्या डोक्याला कसं आधीच कळतं. ती म्हणाली, कळलं होतं तर थांबवलं का नाही? तिचं सोड, तिला लोणी दिलं तरी त्यात केस सापडतो.

आता समितीचं ऐक. आम्ही चौघी नीटनेटक्या होऊन गेलो. मधे लांब टेबल, त्याला नऊ खुर्च्या, त्यावर सगळे बुटांतले. आमच्या खुर्च्या भिंतीला लावलेल्या, पंख्यापासून लांब. मी विचारलं, आम्ही इकडे का? कारकून म्हणाला, तुम्ही निमंत्रित. म्हटलं, म्हणजे? म्हणाला, ऐकायचं. हात वर करायची वेळ आली तेव्हा मीही केला, तर तो म्हणाला, आजी, तुमचा नाही. चहा मात्र आम्हालाही दिला. मी प्यायले नाही. नंतर वाटलं प्यायला हवा होता, चांगला वाफाळलेला होता.

बंदीसाठी त्यांनी एक आराखडा छापलाय. निळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक. शाळेतल्या बाईंनी निम्मं वाचून दाखवलं, पुढे शब्दच असे की त्यांनाही धाप लागली. पण त्यात नकाशा आहे, आणि नकाशात काय लिहिलंय? रडका पट्टा. जावांचा पट्टा. खोल कोपरा. ही नावं आम्ही बायकांनी ठेवलेली, कापता कापता. कुठल्या कचेरीत ती नाहीत. मग यांना सांगितली कोणी? कापणाऱ्यांपैकी कोणी सांगणार नाही. बायका सोडून ती नावं ठाऊक असणारा माणूस एकच, आमचे नावाडी भाऊजी. चाळीस वर्षं आम्हाला त्यांच्याच होडीतून पट्ट्यावर नेतात. तुझे धाकटे आजोबा असले म्हणून काय झालं? साहेब आल्यापासून त्यांनाही होडीतून फिरवतात. मी ओळखलं.

आणि याहून वाईट पुढे आहे. त्यांचे पहारेकरी आत गेले आणि गाठी बघून आले. आमच्या गाठी, घरट्यांवरच्या! पाणकोंबड्या यंदा लवकर बसल्या म्हणून आम्ही आधीच मारून ठेवल्या होत्या. त्यांना वाटलं, पक्षी धरायचे फासे. त्रेसष्ट फासे सापडले असा कागद केला, फोटो काढले, आणि सगळ्या सोडून टाकल्या. सोडताना किती अंडी बुटाखाली गेली ते कुठल्या कागदात नाही. म्हणजे आता आम्ही पाखरं मारणाऱ्या. मी! जिने तुला लहानपणी बगळ्याच्या घरट्याकडे बोट केलंस म्हणून पाण्यात उभं केलं होतं.

तू तज्ज्ञ आहेस. मला लिहून दे की गाठी कशाच्या असतात. तुझ्या बेटाचा शिक्का मारून दे. लवकर.

आजी


९ मार्च

टिबुकले,

तुझी बोट बुडाली की तू बुडी मारलीस? एक ओळ नाही. पहिल्या तारखेपर्यंत वाट बघितली. मग वाट बघणं सोडलं आणि कापणी केली.

अशी तशी नाही, कळवून केली. बाईंकडून अर्ज लिहून घेतला: ‘आम्ही बावीस जणी एक मार्चला सकाळी दहा वाजता रडका पट्टा आमच्या रीतीने कापणार आहोत. बघायला यावे.’ खाली सगळ्यांच्या सह्या. कारकुनाने घेतला नाही, तर मोठ्या जावेने तो साहेबांच्या गाडीच्या काचेला भाताने चिकटवला. चिकटला असा की गाडी धुणाऱ्याला खरवडावा लागला.

साहेब आले. बरोबर पहारेकरी, कॅमेरा. मोठी जाऊ म्हणाली, साहेब, बूट काढा, रुततील. ते म्हणाले, मला सवय आहे. चौथ्या पावलाला मांडीपर्यंत गेले. दोघींनी काखेत धरून वर काढलं, उजवा बूट आतच राहिला. दलदलीला बंदी ठाऊक नसावी, तिने त्यांना आत घेतलं. हसू नका असं मी सगळ्यांना बजावलं होतं, आणि आधी मीच हसले.

यंदाचा भाग निम्मा कापून झाला. एक घरटं लागलं, मी साहेबांसमोर गाठ मारली, म्हटलं, बघा, ही कशासाठी ते विचारा तरी. त्यांनी विचारलं नाही. पहारेकऱ्यांना म्हणाले, विळे जमा करा. आम्ही दिले. मुठी पदराने पुसून दिले आणि प्रत्येक विळ्याची पावती मागितली. बावीस पावत्या लिहिता लिहिता कारकुनाचा हात आखडला. माझी पावती डब्यात ठेवलीय, विळा माझ्या सासूचा आहे.

आता दोन मेला सुनावणी. साहेबांच्या वरच्या मोठ्या बाई येणार आहेत. तिथे ठरेल की दलदल आमच्याशिवाय राखायची की आमच्यासकट. फाशांचा कागद खरा धरला तर बंदी पाच वर्षांची नाही, कायमची.

भाऊजींच्या होडीत मी आता पाय ठेवत नाही. गुडघाभर चिखलातून वळसा घालून जाते. ते काठावर उभे राहून म्हणाले, वहिनी, चढा. सगळ्यांसमोर म्हटलं, ज्याच्या तोंडाला बूच नाही त्याच्या होडीला भोक असणारच. त्यांनी टोपी काढली, परत घातली, आणि गेले. जाऊबाई गेल्यापासून आपल्याकडे जेवायचे, तेही बंद. रोज त्यांच्या घरातून करपल्याचा वास येतो. येऊ दे.

तू एवढं लिहून पाठव की असला आराखडा करणाऱ्या माणसाचा पाय आपल्या पाण्यात कधी भिजलाच नसणार. तुझ्या शब्दाला वजन आहे.

आजी


२४ मार्च

ती. आजी,

तो आराखडा मी लिहिला.

हे वाक्य मी चार कागदांवर लिहून फाडलं. आता पाचव्यावर तसंच राहू देते. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी मी दोन उन्हाळे आपल्या दलदलीत मोजणी केली, आठवतं? तू म्हणायचीस, पाखरं मोजून कोणाचं पोट भरलंय. तोच प्रबंध. ग्रंथालयात होता, साहेबांच्या कचेरीने उचलला. शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत माझं नाव असेल, बाई तिथवर पोचल्या नसतील. तुझ्या पहिल्या पत्रात पाटीबद्दल वाचलं तेव्हाच मला शंका आली. पाच वर्षांचा आकडा माझाच आहे. मी ज्योतिषी नाही, आजी.

पट्ट्यांची नावं तू मला सांगितली होतीस, मी सात वर्षांची असताना, कापणीत. धाकट्या आजोबांनी कोणाला काही सांगितलेलं नाही. त्यांना आधी जेवायला बोलाव, मग उरलेलं वाच.

यापेक्षा मोठी गोष्ट पुढे आहे. मी त्यात गाठी लिहिल्याच नाहीत. तीन भागांची रीत नाही, मधून कडेला कापणं नाही, काही नाही. लिहिलं एवढंच, ‘मानवी वावर, मुख्यतः महिला.’ मला सगळं ठाऊक होतं. पण समोर परीक्षक बसणार होते. ते म्हणतील, ही आजीच्या गोष्टी लिहून आली. मला लाज वाटली. गाठी लिहिल्या असत्या तर पहारेकऱ्यांनी त्यांना फासे म्हटलं नसतं.

इथल्या शिंपलेवाल्या म्हातारीबद्दल लिहिलं होतं. मी उत्तरेचा किनारा बंद करायचा ठराव मांडला आणि एका मताने पडला. तिच्याच मताने. मी चिडून खोलीत जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी ती दाराशी आली, मला किनाऱ्यावर नेलं, आणि वाळूत काठीने रेघ ओढून दाखवली. इथवर यंदा, तिथवर पुढच्या वर्षी, पलीकडे कधीच नाही. तीन भाग, आजी. मी तिथेच वाळूत बसले. तिला वाटलं मला चक्कर आली, तिने मला पाणी पाजलं.

आराखडा मी मागे घेते, तसं लिहून देते. फक्त एक गोष्ट नाही. खोल कोपरा. तिथे जांभळे बगळे मार्चमध्ये घरटी करतात आणि कापणी तेव्हाच तिथे पोचते. दोन्ही वर्षी मी पाहिलं, गाठ मारून दोन हात सोडले तरी ते घरटं टाकून जातात. पाणकोंबडीचं तसं नाही, बगळ्याचं आहे. तेवढं खरं आहे.

तुझी


६ एप्रिल

नातीस,

पत्र पोचलं.

दोन दिवस कोणाला सांगितलं नाही. तुझ्या आईलाही नाही. शेळीला सांगितलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी जाऊन भाऊजींच्या होडीत बसले. ते म्हणाले, कुठे जायचंय? म्हटलं, कुठेच नाही, बसायचंय. मग म्हटलं, चुकले हो मी, पोरीने लिहिलंय ते. ते वल्हं पुसत म्हणाले, ‘मला ठाऊक होतं, वहिनी. दोन उन्हाळे मीच तर फिरवली तिला. वही भिजू नये म्हणून मांडीवर घेऊन बसायची.’ म्हटलं, मग बोलला का नाही? चारचौघांत मी तोंडाला येईल ते बोलले! तर म्हणतात, ‘तुम्ही मला दोन शिव्या दिल्यात, त्या मी पचवतो. पोरीला दिल्या असत्या तर तुम्हालाच पचल्या नसत्या.’

संध्याकाळी जेवायला आले. तीन पोळ्या जास्त खाल्ल्या. काठावर बायका जमल्या तेव्हा मी सगळ्यांसमोर त्यांची माफी मागितली, कारण शिवीही सगळ्यांसमोर दिली होती. आणि आराखडा कोणाचा तेही सांगितलं. मोठी जाऊ काय म्हणाली ते लिहीत नाही, तुझ्या बेटावर लहान पाखरं असतील.

आता तू. रडगाणं नको. लाज वाटली ना? वाटायलाच हवी होती, पण आमची नाही, परीक्षकांची. ते किती वेळा मांडीपर्यंत पाण्यात उभे राहिलेत? आता बस आणि जे गाळलंस ते लिही. तसेच शब्द वापर, बाईंना धाप लागेल असे. त्रेसष्ट गाठी म्हणजे त्रेसष्ट घरटी असं लिही. आकड्यांना तिथे मान आहे, तर आमचे आकडे लिही. दोन मेच्या आत पोचलं पाहिजे. तुला माफ केलं का ते त्यानंतर विचार.

आणि खोल कोपऱ्याचं मला शिकवू नकोस. तो मोठ्या जावेचा पट्टा, चाळीस वर्षं ती कापतेय, तिच्या सासूने कापला. सगळ्यात लांब लव्हाळा तिथला. कागदातून काढून टाक.

आजी


१८ एप्रिल

ती. आजी,

सोबत कागद आहे. सात पानं. गाठी, तीन भाग, कडेचा रस्ता, पुराचं साल, सगळं. बेटाच्या समितीचा शिक्का आहे, आणि शिंपलेवाल्या आजींनी खाली स्वतःहून सही केलीय. त्यांना तुझ्याबद्दल सांगितलं तेव्हा त्या पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसल्या. माझ्या कॉलेजलाही एक प्रत पाठवली, आणि सोबत लिहिलं की माझा प्रबंध अपुरा होता. ते पदवी काढून घेणार असतील तर घेऊ देत.

खोल कोपरा काढलेला नाही. सातव्या पानावर आहे. एकदा भीतीपोटी खरं गाळलं, आता प्रेमापोटी गाळणार नाही. ओरडायचं तर ओरड. तुझीच नात आहे.

टिबुकली


१८ मे

टिबुकले,

घे गालगुच्चा, दोन्ही गालांना. तोंड वाकडं करू नकोस, थोडक्यात सांगणार नाहीये. चहा घेऊन बस.

सुनावणीला बावीस जणी गेलो, भाऊजी तेविसावे, इस्त्रीचा सदरा घालून. मोठ्या बाई खरोखर मोठ्या होत्या, आवाजानेही. भिंतीच्या खुर्च्या आम्ही उचलल्या आणि टेबलाला लावल्या. कारकून म्हणाला, अहो आजी, तिकडे. म्हटलं, गुडघा दुखतो, आता उठवत नाही. मोठ्या बाईंनी बघितलं आणि म्हणाल्या, बसू द्या.

शाळेतल्या बाईंनी तुझी सात पानं वाचली. आराखडा लिहिणारीच मागे घेतेय म्हटल्यावर साहेबांनी चष्मा काढला, पुसला, घातला, परत काढला. मग फोटो पुढे केले. म्हणाले, कागद काही म्हणो, हे फासेच आहेत. मी लव्हाळ्याची पेंढी घेऊनच गेले होते. तिथेच टेबलावर गाठ मारली आणि त्यांच्यासमोर धरली. म्हटलं, साहेब, यात बोट घाला आणि अडकून दाखवा. ते घालेनात. मोठ्या बाईंनीच घातलं. ओढलं, सुटलं. परत घातलं, परत सुटलं. फास ओढला की आवळतो, हे दोरी वळलेल्या कोणालाही कळतं. गाठ आपली नुसती उभी राहते, इथे कोणी राहतंय एवढं सांगत. बाई साहेबांना म्हणाल्या, ‘तुम्ही एकदाही ओढून बघितलं नाहीत?’ ते म्हणाले, पहारेकऱ्यांचा अहवाल होता. बाई म्हणाल्या, मी बोटाचं विचारतेय.

निकाल असा. फाशांचा कागद रद्द. विळे परत. माझा आला, मूठ जरा सैल झालीय. पहिल्यांदा म्हणाल्या, यंदा तुम्हाला एक वर्ष परवानगी देऊन बघू. मी उभी राहिले. म्हटलं, परवानगी नको. परवानगी देणारा ती काढूनही घेतो. आम्हाला खुर्ची द्या, हात वर करता येईल अशी. नाहीतर पुढच्या मार्चला परत अर्ज चिकटवू, आमच्याकडे भात पुष्कळ आहे. मागून बाकीच्या एकवीसच्या एकवीस जणी उठल्या. भाऊजीही उठले, त्यांचं पेन खाली पडलं, ते शोधत वाकले, तेवढाच गोंधळ. बाईंनी लिहिलं: नऊ खुर्च्यांपैकी चार आमच्या, मतासकट.

परवा पहिली बैठक झाली. चौघींत मी आणि मोठी जाऊ. चहा प्यायले या खेपेला. विषय निघाला तोच, सातवं पान. खोल कोपरा कापू नये.

आता खरं सांगते. तुझं पत्र आल्यावर मी चिडून भाऊजींना म्हटलं होतं, चला, पोरीला खोटं पाडू. एप्रिलभर एक दिवसाआड आम्ही दोघं खोल कोपऱ्यात होडी लांब उभी करून बसलो. जावेने एक मार्चला पहाटेच, विळे जप्त व्हायच्या आधी, तिथे थोडं कापलं होतं आणि यंदा लवकर बसलेल्या बगळ्यांच्या तीन घरट्यांवर गाठी मारल्या होत्या, नीट, दोन हात सोडून. तिन्ही रिकामी. अंडी गार. एकाही घरट्यावर बगळा परत आला नाही. पाणकोंबडीच्या घरट्यावर गाठ मारली की ती तासाभरात येऊन बसते. बगळा येत नाही. चाळीस वर्षं आम्ही गाठ मारली आणि मागे वळून बघितलं नाही, कारण वाटायचं, गाठ मारली म्हणजे झालं.

साहेबांनी विचारलं, कोण बाजूने? बुटांतले चार हात वर आले. आमच्या चौघींतला एकही नाही. एक बुटातला म्हणाला, मला काही कळत नाही, मी विरुद्ध. चार विरुद्ध पाच होणार. जाऊ माझ्याकडे बघून डोळे मिचकावतेय. आयुष्यात पहिल्यांदा मत द्यायला बसले होते गं, आणि हात असा जड झाला की जणू ओला लव्हाळा बांधलाय.

मी वर केला. बाजूने.

कारकुनाने दोनदा मोजले.

बाहेर आल्यावर साहेब मागून आले, म्हणाले, आजी, आभारी आहे, तुम्ही आमच्या बाजूने उभ्या राहिलात. मी तिथल्या तिथे वळले. म्हटलं, तुमच्या बाजूने? तुम्ही बंदी घातलीत तेव्हा बावीस जणींनी ती मोडली, पुढेही मोडू. ही आम्ही घातलीय, म्हणून ती टिकेल. बूट सापडला का?

माझा जावांचा पट्टा अर्धा मोठीला दिलाय, पुढच्या मार्चपासून. बैठकीतच लिहून घेतलं, नंतर माझं मन बदलायला नको. चटया मला निम्म्याच होतील, होऊ देत, गुडघाही निम्माच चालतो. ती दोन दिवस बोलली नाही. आज विहिरीवर गाठलं. कळशी आपटली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, ‘एवढ्यासाठी का तुला मत मिळवून दिलं आम्ही?’

म्हटलं, हो गं बाई, एवढ्यासाठीच.

तुझी आजी